डिशवॉशरवर एरर कोड आला तर काय करायचं? कोल्हापुरातल्या घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मशीन मध्येच थांबतं, बीप वाजते, पडद्यावर एक अक्षर आणि दोन आकडे चमकतात. आत अर्धवट धुतलेली भांडी आणि गढूळ पाणी. अशा वेळी काय तपासायचं, कशाला हात लावायचा आणि कुठे थांबायचं, ते इथे दिलं आहे.

एरर कोड आला म्हणजे पार्ट गेला का?

बहुतेक वेळा नाही. मशीन कुठल्या पायरीवर अडकलं एवढंच कोड सांगतो. ठरलेल्या वेळात पाणी आत आलं नाही, बाहेर गेलं नाही, तापलं नाही किंवा तळाच्या ट्रेमध्ये पाणी सापडलं, की मशीन काम थांबवतं आणि कोड दाखवतं. ते का अडकलं हे मशीनला कळत नाही. नळाची चावी अर्धी बंद असली काय किंवा आतला व्हॉल्व्ह जळला काय, कोड एकच येतो. म्हणून कोड वाचून लगेच पार्ट मागवू नका. आधी मशीनबाहेरच्या तीन गोष्टी बघा: पाणी, ड्रेन आणि वीज.

कोड आल्या आल्या आधी काय करायचं?

कोडचा फोटो काढा, कारण मशीन बंद केल्यावर तो निघून जातो. कोड गळतीचा असेल तर आधी नळाची चावी बंद करा, मगच प्लग काढा. हा क्रम उलटा करू नका. गळतीच्या वेळी बऱ्याच मशीनचा ड्रेन पंप सतत चालू राहून पाणी बाहेर टाकत असतो. प्लग आधी काढला तर पंप थांबतो आणि गळती मात्र चालूच राहते.

गळती नसेल तर मशीन बंद करून प्लग काढा आणि पाच-दहा मिनिटं थांबा. दार लगेच उघडू नका. आत ६०-७० अंशांची वाफ असू शकते.

माझ्या मशीनवर आलेल्या कोडचा अर्थ काय?

प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी असते, त्यामुळे शेजारच्यांच्या मशीनचा अर्थ आपल्या मशीनला लावू नका. बॉश आणि सीमेन्सवर ई१५ म्हणजे तळाच्या ट्रेमध्ये पाणी. ई२४ म्हणजे पाणी बाहेर जात नाही, ई२५ म्हणजे ड्रेन पंप अडकला किंवा त्याचं झाकण नीट बसलं नाही, ई२२ म्हणजे फिल्टर तुंबला, ई१८ म्हणजे पाणी कमी येतं आणि ई०९ म्हणजे हीटरची तक्रार. एलजीवर आयई म्हणजे पाणी आत येत नाही, ओई म्हणजे बाहेर जात नाही, एई किंवा ई१ म्हणजे गळती, एचई म्हणजे हीटर. सॅमसंगवर ४सी पाण्याच्या पुरवठ्यासाठी, ५सी ड्रेनसाठी आणि एलसी गळतीसाठी.

घोटाळा ई१ मध्ये होतो. एलजीवर तो गळती दाखवतो, इतर बऱ्याच मशीनवर मात्र पाणी यायला वेळ लागतो आहे असा त्याचा अर्थ असतो. म्हणून कोड नेहमी आपल्याच मॉडेलच्या पुस्तिकेत बघा.

नळाला पाणी आहे, तरी पाणी येत नसल्याचा कोड का येतो?

पाणी असणं वेगळं आणि पुरेशा जोरानं असणं वेगळं. बऱ्याच मशीनना किमान अर्धा बार, म्हणजे ०.०५ मेगापास्कल दाब लागतो. पाण्याच्या दहा मीटर उंचीला साधारण एक बार दाब मिळतो. म्हणजे अर्ध्या बारसाठी टाकीतल्या पाण्याची पातळी मशीनच्या नळापेक्षा पाचेक मीटर वर हवी. तळमजल्यावर हे सहज जमतं. वरच्या मजल्यावर टाकी डोक्यावर दोन-तीन मीटरच असते, तिथे दाब ०.२ ते ०.३ बारच मिळतो. टाकी अर्धी रिकामी झाली की तोही घटतो. सकाळी मशीन चालतं आणि संध्याकाळी कोड येतो, त्याचं कारण बऱ्याचदा हेच असतं.

तपासणी सोपी आहे. मशीनची नळी अँगल कॉकवरून सोडवा, खाली १० लिटरची बादली धरा आणि कॉक पूर्ण उघडून घड्याळ लावा. बादली मिनिटाभरात भरली तर पुरवठा ठीक आहे. दोन मिनिटं लागली तर दोष मशीनचा नाही. मग आधी कॉक बदलून बघा. जुने कॉक आतून क्षारानं भरलेले असतात. तरीही धार बारीक असेल तर त्या लाइनवर छोटा प्रेशर पंप बसवावा लागेल.

धार चांगली असेल तर जाळी बघा. नळीच्या मशीनकडच्या टोकाला, व्हॉल्व्हच्या तोंडात, अंगठ्याएवढी प्लॅस्टिकची जाळी असते. चावी बंद करून आणि प्लग काढून नळीचं पाऊण इंची नट हातानं सोडवा. खाली फडकं ठेवा, नळीत कपभर पाणी असतं. जाळीच्या मधल्या उंचवट्याला चिमट्यानं धरून ती सरळ बाहेर ओढा. पावसाळ्यात नदीचं पाणी गढूळ होतं, तेव्हा या जाळीवर तपकिरी, बोटाला गुळगुळीत लागणारा गाळाचा थर सापडतो. पुरवठा दोन-तीन दिवस बंद राहून पुन्हा सुरू झाल्यावर तर तो हमखास असतो. पाइपात हवा शिरते आणि पाण्याच्या पहिल्या झोताबरोबर तळाचा सगळा गाळ उठून येतो. त्यामुळे पाणी सुटल्यावर आधी साधा नळ पाच-दहा मिनिटं वाहू द्या, मगच मशीनची चावी उघडा.

जाळी जुन्या टूथब्रशनं धुवा आणि परत बसवा. वायसर जागेवर आहे ना ते बघून नट हातानंच घट्ट करा. पाना लावला तर प्लॅस्टिकचे आटे मरतात. तुमच्या नळीला नळाच्या बाजूला मोठा चौकोनी डबा असेल तर त्यात विजेवर चालणारा व्हॉल्व्ह आहे. ती नळी कापू नका, पाण्यात बुडवूही नका. तिची जाळी नळाकडच्या टोकालाच असते.

जाळी स्वच्छ, धार चांगली, तरी पाण्याचाच कोड येतो. आता?

आता ड्रेनची नळी बघा. हे कारण सहसा कुणाच्या लक्षात येत नाही आणि त्यापायी चांगले व्हॉल्व्ह बदलले जातात.

आपल्याकडे बऱ्याच घरांत ड्रेनची नळी सरळ खाली मोरीच्या जाळीवर सोडलेली असते. नळीचं तोंड जमिनीला टेकलं की मशीन वरून पाणी भरतं आणि ते आपोआप खालून वाहून जातं. टँकरमध्ये पाइप टाकून तेल काढतात, तसाच हा प्रकार. मशीन भरत राहतं, पातळी काही वाढत नाही, शेवटी पाणी येत नसल्याचा कोड येतो. खात्री करायची तर मशीन पाणी भरत असताना मोरीजवळ उभं राहा. त्या वेळी नळीतून बारीक धार येत असेल तर हेच कारण.

उपाय फुकट आहे. मशीनच्या मागे नळी जमिनीपासून ५० ते ६० सेंटिमीटर उंच नेऊन क्लिपनं भिंतीला अडकवा आणि मगच खाली मोरीकडे वळवा. बहुतेक पुस्तिकांत किमान ४० आणि कमाल १०० ते ११० सेंटिमीटर उंची दिलेली असते. नळीचं तोंड पाण्यात बुडलेलं नको आणि मोरीच्या पाइपात गच्च बसवलेलंही नको. नळीला जोड देऊन लांबवायची झाली तर एकूण तीन-चार मीटरच्या पुढे जाऊ नका. पंप छोटा असतो, त्याच्यावर ताण येतो.

सिंकखाली जोडलेल्या नळीलाही असाच उंच वळसा द्या. नाहीतर सिंकचं खरकटं पाणी उलटं मशीनमध्ये येतं आणि सकाळी दार उघडल्यावर तळाशी घाण पाणी दिसतं.

पाणी बाहेर जात नाही, ई२४ किंवा ओई आला आहे. स्वतः काय करता येईल?

बरंच काही. आपल्या स्वयंपाकाचा विचार केला तर कोल्हापुरात हाच कोड सगळ्यांत आधी शिकून ठेवावा.

मशीन नुकतंच बसवलं असेल आणि पहिल्याच वेळी हा कोड आला तर सिंकचा ट्रॅप, म्हणजे सिंकखालचा वाकडा पाइप, बघा. नव्या ट्रॅपला डिशवॉशरच्या नळीसाठी जे तोंड असतं, त्यात बरेचदा प्लॅस्टिकचा पडदा असतो. तो कापायचा राहिला तर पाणी जाणार कुठून?

मशीन जुनं असेल तर आधी मागची नळी बघा. मशीन सरकवताना ती दुमडते. नंतर प्लग काढून मशीनच्या आतली तळाची जाळी बाहेर काढा, तिचा मधला दंडगोल घड्याळाच्या उलट्या दिशेनं फिरवला की तो सुटतो. आत पाणी असेल तर ते वाटीनं आणि स्पंजनं उपसा. हातात जाड रबरी हातमोजे हवेतच. फुटलेल्या कपाची काच इथेच येऊन बसते आणि गढूळ पाण्यात ती दिसत नाही.

जाळी उजेडासमोर धरा. भोकं दिसत नसतील तर चमच्यानं तिच्यावर थोडं पाणी सोडा. पाणी थेंब होऊन वरच थांबलं तर तो चरबीचा थर आहे. तांबड्या रश्श्याची तर्री, मिसळीचा कट, पांढऱ्या रश्श्यातलं नारळाचं दूध या सगळ्याची चरबी गरम पाण्यात पातळ होते आणि गार झाली की जमते. खोबरेल २४ अंशांच्या आसपासच गोठतं, मटणाची चरबी तर ४० अंशांच्या पुढे गेल्याशिवाय पातळच होत नाही. म्हणून मटणाची भांडी ४५-५० अंशांच्या इको प्रोग्रॅमवर लावली की ताटं दिसायला स्वच्छ निघतात, पण चरबी जाळीवर आणि ड्रेनच्या नळीच्या वळ्यांत बसते. काही आठवड्यांत नळी आतून अरुंद होते. रस्सा-मटणाच्या दिवशी ६५-७० अंशांचा इंटेन्सिव्ह प्रोग्रॅमच लावा. वीज आणि वेळ जास्त जातो हे खरं, पण इथे काटकसर करून उपयोग नाही.

जाळी गरम पाणी, भांड्याचं लिक्विड आणि मऊ ब्रशनं धुवा. तारेची घासणी लावू नका, जाळी फाटली की कचरा थेट पंपात जातो. कांदा-लसूण मसाल्यातले तीळ आणि खसखस बारीक जाळीत रुतून बसतात. ते उलट्या बाजूनं धार सोडली की निघतात. धुतलेली जाळी घालण्याआधी साबण पूर्ण काढा, नाहीतर फेस होईल.

जाळी काढल्यावर तळाच्या खड्ड्यात बाजूला पंपाचं छोटं झाकण दिसतं. बॉश-सीमेन्समध्ये ते चमच्याच्या दांड्यानं उचकटून आतल्या बाजूला ओढलं की निघतं. मागे पंपाचं छोटं पातं असतं. बोटानं ते हळू फिरवा. ते सलग न फिरता अडखळत, टप्प्याटप्प्यानं फिरलं तर घाबरू नका. आतल्या चुंबकामुळे ते तसंच फिरतं. अजिबात हललं नाही तर काहीतरी अडकलं आहे. इथे सापडतात त्या वस्तू ठरलेल्या: मटणाच्या हाडाची नखाएवढी कपची, काचेचा तुकडा, तमालपत्राचा देठ, नव्या डब्याचं कागदी लेबल. चिमट्यानं काढा, पातं मोकळं फिरतंय ना बघा, झाकण टक् आवाज येईपर्यंत दाबा, जाळी बसवून फिरवून घट्ट करा.

मग स्टार्टचं बटण तीन-चार सेकंद दाबून रिसेट द्या. बऱ्याच मॉडेलमध्ये अशा वेळी मशीन मिनिटाभरात पाणी बाहेर टाकतं. पंपाचा आवाज येतो पण पाणी जात नाही, तर अडथळा नळीत आहे. आवाजच नाही, तर पंप किंवा त्याची वायर. तिथे तंत्रज्ञ बोलवा.

जाळीखाली थोडं स्वच्छ पाणी उरलं तर तो बिघाड नाही. सील कोरडी पडू नयेत म्हणून ते तिथे राहतं.

सगळं साफ करून परत बसवलं आणि आता ई२५ येतोय.

पंपाचं झाकण पूर्ण बसलेलं नाही. काढून परत दाबा.

ई१५ आला आहे. मशीन कलंडवून पाणी काढलं की झालं, असं सांगतात. खरं का?

कोड जातो, गळती जात नाही. तळाच्या ट्रेमध्ये थर्माकोलचा तरंगता तुकडा आणि त्याच्याखाली स्विच असतो. पाणी साचलं की तुकडा उचलला जातो आणि मशीन बंद पडतं. मशीन कलंडवलं की पाणी बाहेर येतं, तुकडा खाली बसतो आणि कोड जातो. पण ते पाणी कुठूनतरी आलंच होतं. दर आठवड्याला मशीन कलंडवत राहणं धोक्याचं आहे, कारण त्याच तळात वायरिंग असतं.

पाणी काढायचंच असेल तर नळ बंद, प्लग काढलेला, आतले भांड्यांचे रॅक बाहेर, आणि माणसं दोन. मशीन ४५-५० किलोचं असतं. बाहेर आलेलं पाणी पुसून ते काही तास वाळू द्या. मग चारही कोपऱ्यांखाली वर्तमानपत्राची घडी ठेवून छोटा रिन्स प्रोग्रॅम लावा आणि कागद कधी आणि कुठे ओला होतो ते बघत बसा. मशीन बंद असताना, फक्त नळ चालू असताना कागद भिजला तर पाणी आत आणणारी नळी किंवा व्हॉल्व्ह. पाणी आत फवारत असताना भिजला तर दाराचं रबर किंवा पंपाचं सील. शेवटी पाणी बाहेर टाकताना भिजला तर ड्रेनची नळी. एवढं सांगितलंत तर तंत्रज्ञाचा तास वाचतो.

ड्रेनची नळी असेल तर तिच्यावर दातांच्या खुणा बघा. पावसाळ्यात उंदीर मशीनखालच्या उबेला येतात आणि नळी कुरतडतात. चिकटपट्टी लावून ती टिकत नाही, नळी बदला.

पावडर संपली म्हणून सिंकचं भांड्याचं लिक्विड घातलं, आता फेसच फेस आणि गळतीचा कोड.

फेस दारातून आणि फटींतून उतरून तळाच्या ट्रेमध्ये गेला आहे. पार्ट बिघडलेला नाही. मशीन बंद करा, दार उघडं ठेवून फेस बसू द्या, वरचा फेस भांड्यानं काढा. मग तीन-चार लिटर गार पाणी आत ओता आणि रिसेट देऊन बाहेर काढा. फेस दिसेनासा होईपर्यंत पुन्हा करा. ट्रे वाळल्यावर कोड जातो. डिशवॉशरमध्ये डिशवॉशरचीच पावडर, जेल किंवा टॅब्लेट. त्यात फेस न होणारी रसायनं असतात.

भांडी थंड आणि तेलकट निघतात, हीटरचा कोड आहे.

आधी व्होल्टेज. हीटर साधारण २००० वॉटचा धरला तर तो पूर्ण ताकदीनं २३० व्होल्टवर चालतो. व्होल्टेज १८० वर उतरलं की त्याची ताकद ६१ टक्क्यांवर येते. पाणी तापायला वेळ लागतो आणि मशीनला वाटतं हीटर गेला. संध्याकाळी वीज मंद होणाऱ्या भागात हाच प्रोग्रॅम रात्री उशिरा लावून बघा. चालला तर मशीन ठीक आहे.

मशीनला १६ अँपिअरचा, अर्थिंग असलेला स्वतंत्र सॉकेट हवा. एक्स्टेन्शन बोर्ड चालणार नाही. प्लग काढून पिना बघा. पिन काळवंडली असेल किंवा सॉकेटचं प्लॅस्टिक पिवळं पडलं असेल तर वायरमनला बोलवून सॉकेट बदला.

वॉरंटी संपलेलं मशीन वायरमन उघडणार असेल तर २००० वॉटच्या हीटरचा रोध २६ ओहमच्या आसपास दाखवायला हवा. मीटरनं अनंत दाखवलं तर हीटर तुटला.

पाणी तापायला लागलं की ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, पडतो.

बहुधा हीटरचं इन्सुलेशन गेलं आहे आणि करंट बॉडीत येतो आहे. पुन्हा पुन्हा वर करू नका. ईएलसीबी काढून टाकून मशीन चालवणं म्हणजे ओल्या हातानं जिवाशी खेळ आहे. प्लग काढा, तंत्रज्ञ येईपर्यंत भांडी हातानं घासा.

सॉल्टचा दिवा लागतो, तो एरर आहे का?

नाही, पाणी मऊ करणारं मीठ संपत आल्याची ती आठवण आहे. पण दुर्लक्ष केलं तर पुढे खरा बिघाड होतो. क्षार हीटरवर आणि फवाऱ्याच्या भोकांत बसतो.

शहरात नदीचं पाणी येतं, ते तुलनेनं मऊ, म्हणजे कमी क्षारांचं, असतं. बोअरचं पाणी जड. ज्या सोसायटीत दोन्ही एकाच टाकीत मिसळतात, तिथे मशीनची सेटिंग जड पाण्याचीच ठेवा. मोजायचं तर टीडीएस मीटर वापरू नका, त्याला जडपणा वेगळा कळत नाही. शोभेच्या माशांच्या दुकानात जीएच, म्हणजे पाण्याचा जडपणा मोजायचं, टेस्ट किट मिळतं, त्यात थेंब मोजायचे असतात. उत्तर पीपीएममध्ये आलं तर १७.८ नं भागा, म्हणजे मशीनच्या पुस्तिकेतली जर्मन डिग्री मिळते. ३५६ पीपीएम म्हणजे २० डिग्री.

पहिल्यांदा भरताना मिठाच्या कप्प्यात साधारण एक लिटर पाणी ओता, नंतर कधीच नाही. मग कप्पा भरेपर्यंत, म्हणजे किलोच्या आसपास, डिशवॉशरचं जाडं मीठ घाला. स्वयंपाकाचं मीठ नको, त्यात मोकळं राहण्यासाठीचे पदार्थ आणि आयोडीन असतं. भरल्यावर लगेच एक प्रोग्रॅम चालवा. सांडलेलं खारं पाणी स्टीलवर तसंच राहिलं तर गंजाचे ठिपके पडतात.

प्रोग्रॅम चालू असताना लाइट गेली तर?

काही करू नका. बहुतेक मशीन वीज आल्यावर थांबलं तिथून पुढे जातं. घरच्या इन्व्हर्टरवर जोडू नका, हीटरचा भार त्याला पेलत नाही.

तंत्रज्ञाला बोलावताना काय सांगायचं?

मॉडेल नंबर, जो दाराच्या कडेवरच्या पट्टीवर असतो. कोडचा फोटो. कोड सुरुवातीला आला, मध्ये आला की शेवटी. बादली किती वेळात भरली. वॉरंटीत असाल तर जाळी आणि पंपाचं झाकण यापुढे स्वतः काही उघडू नका, पत्र्याचे स्क्रू तर नाहीच. काढलेला जुना पार्ट परत मागा आणि पावतीवर पार्टचं नाव लिहून घ्या. वॉरंटीत असूनही दाद मिळत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते.

पुराचं पाणी घरात येण्याची शक्यता आहे. मशीनचं काय करायचं?

२०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर हा प्रश्न सखल भागात दर पावसाळ्यात विचारला जातो. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. तुमच्या गल्लीत आधी पाणी आलेलं असेल तर ३९ ची वाट न बघता तयारी करा. नळ बंद करा, रिसेट देऊन आतलं पाणी काढा, प्लग काढा, दोन्ही नळ्या सोडवून त्यांची तोंडं पिशवीनं बांधा. दाराला चिकटपट्टी लावा, म्हणजे जिन्यातून वर नेताना ते उघडणार नाही. मशीन उभंच न्या.

हलवता आलं नाही आणि पाणी तळाच्या पट्टीच्या वर चढून गेलं, तर ओसरल्यावर प्लग लावून बघण्याचा मोह टाळा. बाहेरून कोरडं दिसलं तरी ट्रेमध्ये, स्विचमध्ये आणि वायरच्या जोडांत गाळ असतो. घरचं वायरिंग आणि अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या, मशीनचा तळ तंत्रज्ञाकडून उघडून, स्वच्छ पाण्यानं धुऊन पूर्ण वाळवून घ्या आणि इन्सुलेशन मोजून घेतल्यावरच त्याला वीज द्या.